रोजच्या हरिपाठासाठी काशाचे टाळ: वर्षभर वापरल्यावरचा अभिप्राय

घरात रोज हरिपाठ म्हणायचा ठरवलंय, टाळ कुठले घ्यावेत, असं आमच्या भजनी मंडळातल्या दोघी-तिघींनी विचारलं. प्रत्येकीला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते, म्हणजे ज्यांना घ्यायचेत त्यांना उपयोगी पडेल.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मी कुठल्या घरातून हे सांगतेय ते कळेल. हडपसरला माझा डब्यांचा व्यवसाय आहे. सकाळचे डबे अकराच्या आत आणि संध्याकाळचे साडेसातच्या आत घराबाहेर पडावे लागतात. माहेर तरडगावच्या बाजूचं. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण चांदोबाच्या लिंबाजवळ होतं, तिथून आमची वस्ती जवळ. आण्णा माळकरी होते, वारी चुकवायचे नाहीत, आणि दिवेलागणीला हरिपाठ झाल्याशिवाय आमच्या घरात ताटं मांडली जात नसत. त्यांचे टाळ आता भावाकडे आहेत आणि तो ते घेऊन दिंडीत चालतो, हे अगदी योग्य आहे. मला माझ्या घरासाठी वेगळी जोडी हवी होती.

ती मी मागच्या माघी वारीला पंढरपुरात घेतली, प्रदक्षिणा मार्गावरच्या एका दुकानातून. माघी मुद्दाम निवडली. आषाढी-कार्तिकीला त्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते आणि गर्दीच्या गलक्यात टाळाचा नाद कानाला नीट कळत नाही. माघीला वारकरी असतात, पण एखादी जोडी कानाजवळ धरून शांतपणे ऐकता येईल इतकी सवड मिळते. टाळ घ्यायचे तर कानाने घ्यायचे, ही पहिली गोष्ट.

दुकानात दोन प्रकार समोर येतात, पितळी आणि काशाचे. लांबून दोन्ही पिवळेच दिसतात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील. देवळातल्या घंटा ज्या धातूच्या ओततात त्यात साधारण 78 भाग तांबं आणि 22 भाग कथील असतं, आणि चांगला टाळ त्याच घराण्यातला. कथिलामुळे धातू कडक होतो आणि नाद लांबतो. त्याच कथिलामुळे तो ठिसूळही होतो. पितळी टाळ फरशीवर पडला तर पोचा येईल, काशाचा पडला तर तडकेल. घरात लहान मुलं टाळ खेळायला घेत असतील तर हा विचार आधी करा. आमच्या मंडळातल्या एकीचा टाळ संगमरवरी पायरीवर पडला. वरून बघितलं तर काही झालेलं दिसत नव्हतं, पण वाजवला तर बद्द आवाज. उजेडात धरल्यावर कडेला केसाएवढी रेघ दिसली. अशा टाळाला पुन्हा नाद येत नाही, तो मोडीतच घालावा लागतो.

दुकानदार वयस्क होते. मी दोन जोड्या हातात घेऊन उगाच वजन बघत होते, तर म्हणाले, "माउली, वजन काय बघताय, दोरीला धरून वाजवून बघा." मग त्यांनीच करून दाखवलं. एक वाटी दोरीने लोंबती धरायची, बोट धातूला कुठेही टेकू द्यायचं नाही, आणि दुसऱ्या वाटीच्या कडेने तिच्या कडेला हलकी टिचकी मारायची. मग नाद विझेपर्यंत गप्प राहायचं. पितळी जोडीचा नाद लवकर बसला. काशाचा बराच वेळ राहिला, आणि शेवटी शेवटी तो अगदी बारीक होत गेला तरी एकसारखा होता, थरथरला नाही. मग दुसरी वाटी लोंबती धरून पहिलीने वाजवली. दोन्हींचा सूर एकच यायला हवा. पहिल्या जोडीत एक वाटी जराशी चढी लागत होती. दुकानदारांनी न सांगताच ती बाजूला ठेवली आणि दुसरी जोडी काढली. ही घेतली ती. वजन जोडीचं अर्धा किलोच्या थोडं वर, किंमत सोळाशे रुपये. भाव वजनावर होता आणि घासाघीस फारशी झाली नाही. पितळी जोडी त्याच दुकानात निम्म्याहून कमी किमतीत मिळत होती.

याच्या शेजारी आमच्या जाऊबाईंनी ऑनलाइन मागवलेली जोडी ठेवून बघितली. वर्णनात कासं लिहिलं होतं. आली ती पातळ, हलकी, वरून चकचकीत पॉलिश केलेली आणि दोन वाट्यांचे दोन सूर. वाजवली की झांजेसारखी झणझण होते, पण टाळाचा भरदार नाद नाही. परत पाठवायला गेल्या तर मुदत संपल्याचं उत्तर आलं. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, पण एवढं सांगते की हा जिन्नस फोटो बघून घ्यायचा नाही. पंढरपूर, आळंदी, देहू, जिथे जाल तिथून हातात घेऊन आणा.

आता तक्रार सांगते. टाळ उत्तम, पण दुकानातून जी दोरी ओवून मिळाली ती निकृष्ट होती. रंगीत, गुळगुळीत, नायलॉनची. गाठ आतल्या बाजूला असते, ती रोजच्या वाजवण्याने सैल होत गेली आणि ऐन हरिपाठात उजव्या हातातली वाटी सुटली. खाली सतरंजी होती म्हणून वाचली. नंतर मी सुती दोरी आणली, दोनदा पीळ दिला, आतून दुहेरी गाठ मारली आणि गाठीखाली जाड कापडाचा छोटा गोल तुकडा घातला, म्हणजे भोकाच्या धातूने दोरी कापली जात नाही. सोळाशे रुपयांच्या जिनसाला वीस रुपयांची नीट दोरी घालायला काय हरकत होती, हे मला अजून कळलेलं नाही. तुम्ही घ्याल तेव्हा दुकानातच दोरी बदलून मागा. दोन्ही वाट्या एकाच लांब दोरीला असू द्या, म्हणजे गळ्यात अडकवता येतात आणि पानं उलटायला हात मोकळा होतो.

वाजवण्याबद्दलही लिहिते, कारण नवशिक्या इथेच कंटाळतात. दोरीचा एक वेढा तर्जनीला. डावी वाटी उताणी, स्थिर, तळव्याला न टेकता. उजवी वरून येते. दोन्ही तोंडं समोरासमोर अचूक बसवली तर आत हवा कोंडते आणि नुसतं फट् होतं. उजवी जरा सरकवून, कडेवर कड आली की नाद सुटतो. सुरुवातीला तर्जनी लाल होते आणि मनगट भरून येतं. पंधरवड्याने ते थांबतं. हरिपाठाला साधा भजनी ठेका पुरतो, आठ मात्रांचा. तो एकदा हातात बसला की डोक्याला काम उरत नाही. हात आपला चालत राहतो आणि तोंडात नाम राहतं.

खरं तर एवढ्यासाठीच मी टाळांना पूर्ण गुण देते. नुसत्या तोंडाने हरिपाठ म्हणताना माझा वेग माझ्या दिवसावर ठरायचा. एखादा डबा परत आलेला असला, गॅस संपलेला असला, कुणी महिन्याचे पैसे थकवलेले असले की त्या दिवशी अभंग पळत सुटायचे आणि पसायदानापर्यंत आपण काय म्हटलं हेच आठवायचं नाही. टाळ हातात आल्यापासून पळता येत नाही. ठेका म्हणतो, थांब. दोन चरण झाले की धृपद घ्यावंच लागतं, "हरि मुखे म्हणा हरि मुखे म्हणा", आणि प्रत्येक वेळी ते घेताना श्वास खाली जातो. पाचव्या-सहाव्या अभंगापर्यंत दिवसाचा राग पुष्कळसा उतरलेला असतो. मन लागो न लागो, स्तुती सुरू करायची, मन मागून येतं, असं आण्णा सांगायचे. ते मला या टाळांनी हाताला धरून शिकवलं.

आमच्या घरची वेळ पावणेआठची. शेवटचा डबा गेला की मी हात धुते, कणकेची परात झाकते आणि देवघरासमोर सतरंजी टाकते. देवघर म्हणजे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली फळी, तिच्यावर विठ्ठल-रखुमाई आणि माउलींची तसबीर. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्यांना आता डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. पण ज्ञानेश्वर महाराजांचे सत्तावीसच्या सत्तावीस अभंग त्यांना पाठ आहेत. मी पोथीत बघून चुकले की त्या डोळे मिटलेल्या अवस्थेतच बरोबर शब्द उचलून देतात. सुरुवात "जय जय रामकृष्ण हरि"ने, मग रूपाचा, म्हणजे विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारा, एक अभंग, मग हरिपाठ, "ज्ञानोबा माउली तुकाराम"चा गजर, आरती आणि पसायदान. सगळं मिळून पाऊण तास जातो. एकादशीला नाथ महाराजांचा हरिपाठही घेतो, त्या दिवशी वेळ जास्त लागतो आणि जेवणाची घाईही नसते.

वेळ ठरवण्याबद्दल मला बऱ्याच जणींनी विचारलं आहे, की नामाला काळवेळ नाही असं हरिपाठातच सांगितलंय, मग पावणेआठचाच हट्ट कशाला? प्रश्न रास्त आहे. एकविसाव्या अभंगाची सुरुवातच "काळ वेळ नाम उच्चारिता नाही" अशी आहे. पण त्याला लागूनच बाविसावा अभंग येतो, "नित्यनेम नामी ते प्राणी दुर्लभ". मी हे दोन्ही एकत्र वाचते. नाम केव्हाही घ्या, पोळ्या लाटताना घ्या, बसमध्ये घ्या, त्याला कुणाची आडकाठी नाही. पण केव्हाही म्हणजे कधीच नाही, असं आपल्या संसारात फार सहज होतं. म्हणून एक वेळ देवाच्या नावाने बांधून ठेवायची. ती बांधली की उरलेल्या दिवसातही नाम आपोआप ओठांवर येत राहतं, हा माझा रोजचा अनुभव आहे. पहिल्याच अभंगात माउली म्हणतात, "असोनि संसारी जिव्हे वेगु करी". संसार सोडायला सांगितलेलंच नाही. जिभेला कामाला लावायला सांगितलंय, आणि ते डबेवालीला, रिक्षावाल्याला, शाळेतल्या पोराला, सगळ्यांना जमण्यासारखं आहे. तेराव्या शतकात, एकविसाव्या वर्षी आळंदीला समाधी घेणाऱ्या तरुणाने आपल्यासारख्या कामाच्या माणसांना केवढी मोकळी वाट करून दिली आहे, हे आठवलं की मला भरून येतं.

पोथीबद्दलही सांगते, कारण टाळांइतकीच तिचीही निवड महत्त्वाची आहे. देवळाबाहेर दहा-वीस रुपयांना खिशात मावणाऱ्या हरिपाठाच्या पुस्तिका मिळतात. प्रवासात त्या छान, माझ्या पर्समध्ये कायम एक असते. रोजच्या वापराला मात्र मोठ्या अक्षरांची, मधून शिवलेली घ्या. पिना मारलेली पुस्तिका महिनाभरात मधून सुटते, आणि टाळ हातात असताना सुटं पान उडालं तर ठेका मोडतो. पान सपाट उघडून राहिलं पाहिजे, हे दुकानात उघडून बघा. अर्थ दिलेली सार्थ प्रत वेगळी ठेवा. म्हणताना अर्थाचे परिच्छेद मधे आले तर डोळा भरकटतो. आम्ही अर्थ रविवारी दुपारी वाचतो, एका वेळी एकच अभंग, आणि त्यावर आत्याबाई जे बोलतात ते कुठल्याच पोथीत नाही.

मोबाइलवर हरिपाठ लावून ठेवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चाल शिकायला मोबाइल फार उपयोगी. मी स्वतः शेवटच्या अभंगांची चाल ऐकून ऐकून पक्की केली. आजारी माणसाच्या उशाशी लावून ठेवायलाही चांगला. पण रोजच्या नेमाला तो पुरा पडत नाही. तिकडे कुणीतरी सुरेल म्हणत असतं आणि इकडे आपण भाजी निवडत राहतो. कानाला समाधान मिळतं, जीभ कोरडी राहते. आपला बेसूर असला तरी आपलाच आवाज देवाला द्यायचा असतो. मुलाने एक स्पीकर आणून दिलाय, तो मी सकाळच्या काकड्यापुरता लावते. संध्याकाळी तो बंद असतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना आवाजाची काळजी वाटते, ती खरी आहे. काशाचा टाळ भिंतीपलीकडे जातो. आमच्या वरच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे आणि त्याची झोपायची वेळ नेमकी आठची. बाळाच्या आईने येऊन अगदी अजिजीने सांगितलं. तेव्हापासून बाळ झोपलेलं असेल त्या दिवशी तिचा एक मिस्ड कॉल येतो आणि आम्ही टाळ खाली ठेवून टाळ्यांवर हरिपाठ म्हणतो. टाळी वाजवून नाम घेणं हेही संप्रदायातलंच आहे, त्यात काही कमी होत नाही. टाळही हळू वाजवता येतो. मनगटातून न मारता नुसत्या बोटांनी कडेला कड लावायची, नाद येतो पण घरातच राहतो. हे शिकायला मला वेळ लागला, पण त्यासाठीही कासंच बरं. पितळी टाळ हळू वाजवला की मुकाच वाटतो.

मुलांवर जबरदस्ती करू नका, एवढंच सांगेन. माझी मुलगी दहावीला आहे. पुस्तकं घेऊन ती आतल्या खोलीत असते आणि मी कधी हाक मारली नाही. पण टाळ चालू झाले की तिला वेळ कळते. गजराला ती बाहेर येऊ लागली, मग आरतीला थांबू लागली. आता एक टाळ तिच्या हातात असतो, कारण तिचा ठेका माझ्यापेक्षा पक्का आहे, हे आत्याबाईंनी जाहीर करून टाकलंय. परीक्षेच्या दिवसांत ती सगळा हरिपाठ बसत नाही. पाच अभंग म्हणून उठते. त्यावर आमचं काही म्हणणं नाही.

पाच अभंगांवरून आठवलं. ज्यांना पाऊण तास शक्य नाही त्यांनी नेम सुरूच न करणं बरोबर नाही. शेवटच्या, सत्ताविसाव्या अभंगात "रिकामा अर्धघडी राहू नको" असं म्हटलंय. एक घडी म्हणजे 24 मिनिटं, तेव्हा अर्धी घडी बारा मिनिटांची झाली. बारा मिनिटांत रामकृष्णहरीचा गजर, पाच अभंग आणि पसायदान शांतपणे होतं, घड्याळ लावून बघा. कामावरून रात्री उशिरा येणाऱ्या एका मैत्रिणीने असंच सुरू केलं, रोज पुढचे पाच. आठवड्यात तिचा हरिपाठ पूर्ण होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ठेवायचं ते थोडं ठेवा, पण ते मोडू नका. आजारपण, सुतक, प्रवास यांत टाळ बाजूला राहतील, नाम मात्र राहून जाऊ देऊ नका.

त्याच अभंगात पुढे "शांति दया पाहुणा हरि करी" असा चरण आहे, आणि तो माझा सगळ्यांत आवडता. माझं दिवसभराचं काम लोकांना जेवू घालण्याचं. कुणाला तिखट कमी, कुणाला पोळी जास्त, कुणाचं पथ्य. त्यात कंटाळा येतो, चिडचिड होते, पैशाचे हिशेब डोक्यात असतात. तरी पावणेआठला तो चरण तोंडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी डबे भरताना हात आपोआप नीट चालतात. मी याचं कारण शोधत बसत नाही. हरी घरी पाहुणा येतोय हे एकदा मनाने घेतलं की भाजीत मीठ घालणारा हातही आदराने घालतो. रोज देवाची स्तुती करून काय मिळतं असं विचारणाऱ्यांना मी हे सांगते. दुसरं मोठं काही माझ्याकडे सांगण्यासारखं नाही, आणि मला ते पुरेसं आहे.

टाळ शिकवणाऱ्या माणसाबद्दलही दोन शब्द. आमच्या भागात एक तरुण महाराज सप्ताहात येतात, आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकलेले. जोग महाराजांनी 1917 साली काढलेली ती संस्था, तिथून शिकून आलेल्यांचा पाया पक्का असतो. त्यांनी आमच्या मंडळातल्या सगळ्याजणींना पावलीचा, म्हणजे ठेक्यावर पावलं टाकत म्हणायचा, हरिपाठ शिकवला आणि एक पैसा घेतला नाही. बायकांनी टाळ घ्यावा का, असा प्रश्न कुणीतरी काढला, तर त्यांनी मुक्ताई, जनाई, सोयराबाई, बहिणाबाई अशी नावं घेत घेत ठेका धरला, आणि तो विषय तिथेच संपला. तुमच्या जवळपास सप्ताह होत असेल तर तिथे जाऊन शिका. व्हिडिओ बघून मनगटाचा झोल कळत नाही.

देखभाल फार नाही. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसायचे, कारण घामाने डाग पडतात. दर एकादशीच्या आदल्या दिवशी मी चिंचेच्या कोळाने घासते आणि लगेच कोरडे करते. आतल्या भोकात चिंच राहिली तर दोरी कुजते, तेव्हा दोरी काढूनच घासा. तारेच्या घासणीला हात लावू नका. ठेवताना एकमेकांवर पालथे न ठेवता मधे फडकं घालून पिशवीत ठेवा. आमची पिशवी आत्याबाईंच्या जुन्या इरकली लुगड्याची आहे, आणि मला ती फार आवडते.

कुणी कुठला घ्यावा? घरात दोघं-तिघं म्हणणार असाल आणि नेम आयुष्यभर ठेवायचा मनात असेल, तर कासं. पैसे साठवून घ्या, पण कासंच. लहान मुलं सारखी हाताळणार असतील किंवा नुकतीच सुरुवात असेल, तर जाड पितळी जोडी चालेल, पातळ नको. एकटीने हळू आवाजात म्हणणार असाल तर चिपळ्याही पुरतात. दिंडीत न्यायची जोडी वेगळी ठेवा, तिथे ऊन, पाऊस, धक्काबुक्की सगळं असतं आणि घरचा टाळ तिथे तडकला तर जिवाला लागतं. आणि दुकानात दोरी बदलून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. गळ्यात अडकवून उभं राहायचं, टाळ बेंबीच्या थोडे वर आले पाहिजेत, तिथे गाठ मारून घ्यायची.